पाडायच्या आधी मोजून घ्या

प्रति,
मा. आयुक्त,
अमरावती महानगरपालिका

महोदय,


मी राजापेठेत राहतो. निवृत्त चित्रकला शिक्षक आहे. चौतीस वर्षं पोरांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं, त्यामुळे हातात पट्टी आणि टेप धरायची सवय अजून गेलेली नाही. हे पत्र उघडं लिहितो आहे, कारण त्यातली विनंती जेवढी तुम्हाला आहे तेवढीच आमच्या शेजारपाजाऱ्यांना आहे आणि थोडी माझ्या भावंडांनाही.

आधी कबुली देऊन टाकतो. राजापेठेतलं आमचं जुनं घर पाडलं गेलं आणि ज्या कागदावर ते पाडायचं ठरलं त्यावर पहिली सही माझी आहे. आज मी त्याच जागेवरच्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिथे विहीर होती तिथे आठ मोटारी उभ्या असतात. मे महिन्यात बोअर आटली की त्या विहिरीची आठवण बिल्डिंगमधल्या सगळ्यांना येते, ज्यांनी ती कधी पाहिली नाही त्यांनाही. तेव्हा वारसा जपणाऱ्यांचा झेंडा घेऊन मी तुमच्या दारात आलेलो नाही. मी गुन्हेगारांपैकीच एक आहे आणि म्हणूनच घर नेमकं कसं जातं ते मला ठाऊक आहे.

घर 1927 सालचं. व्हरांड्याच्या मधल्या कमानीवर चुन्यात साल कोरलेलं होतं. आजोबा कापसाच्या अडतीवर मुनीम होते. या गावात कापसाने कितीतरी लोकांना श्रीमंत केलं आणि त्या श्रीमंतांचे हिशेब लिहिणाऱ्यांना निदान घर बांधता आलं, असा तो काळ. अमरावतीचं नाव एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका जातीला लागलेलं होतं. तिकडे ते ‘ऊमरा’ म्हणत. रेल्वे येण्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवरून पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला जाई. 1842 साली एकाच व्यापाऱ्याने त्या वाटेने एक लाख बैलओझी कलकत्त्याकडे धाडल्याचं गॅझेटिअर सांगतं. मग 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचं सोनं झालं. पाठोपाठ बडनेऱ्याहून गावात रेल्वेचा फाटा आला. 1897 चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. जिनं आली, प्रेस आले, वकील आले. वकिलांनी घरं बांधली.

त्या घरांची एक गंमत आहे. कॅम्पातल्या साहेबांचे बंगले पाहून वकिलांनी बांधलं आणि वकिलांचं पाहून मुनिमांनी. आमचं घर समोरून बंगला होतं, मागून वाडा. पुढे तीन फुटांचं काळ्या दगडाचं जोतं, पाच पायऱ्या, तीन कमानींचा व्हरांडा, लोखंडी जाळीचा कठडा, बैठकीत रंगीत फरशी. मधल्या दाराचा उंबरा ओलांडला की गावच बदलायचं: चौक, चौकाभोवती ओसरी, माजघर, भिंतीत कोनाडे, दिव्यासाठी देवळी, वर कडीपाटाचं छत आणि परसात विहीर. आजोबांना साहेबासारखं दिसायचं होतं, पण राहायचं होतं वऱ्हाड्यासारखं. पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत. दोन्ही उघडी टाकली की पारा 45 ला असतानाही मधल्या घरात झोप लागायची. भिंती दीड फूट जाडीच्या. आता माझ्या फ्लॅटच्या भिंतीत खिळा ठोकला तर पलीकडच्या कुटुंबाची झोपमोड होते.

अशी घरं राजापेठेत, बडनेऱ्याच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, मुधोळकर पेठेत, खापर्डे बगीच्यात होती. काही आहेत. वकील दादासाहेब खापर्ड्यांच्या नावाने तो बगीचा आजही पत्त्यात लिहिला जातो. झाडं शोधत गेलात तर घरं आणि दवाखाने भेटतील. नाव राहतं, जागा राहत नाही, ही आपल्या गावाची जुनी खोड.

मोठ्या वास्तूंबद्दल या पत्रात मला फारसं बोलायचं नाही. त्यांना बोलायला लोक आहेत. गावाचा परकोट 1807 मध्ये निजामाच्या अमलात सुरू झाला, पेंढाऱ्यांपासून सावकारांचं रक्षण करायला, आणि पुरा झाला 1821 मध्ये. सव्वादोन मैलांची भिंत, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. अंबा, नागपुरी, खोलापुरी, भुसारी, महाजनपुरी हे दरवाजे आणि माता, पटेल, छत्रपुरी, खुनारी या खिडक्या शाळेतल्या पोरांकडून मी स्केचबुकात काढून घेतलेल्या आहेत. किंग एडवर्ड कॉलेज, 1923 चं, जे आज आपण व्हीएमव्ही म्हणतो, ते उभं आहे, कारण तिथे वर्ग भरतात. इर्विन रुग्णालय उभं आहे, कारण तिथे रुग्ण येतात. ज्या व्हाइसरॉयच्या नावाने ते आहे त्याचं तोंडही आपल्याला आठवत नाही, पण रिक्षावाल्याला ‘इर्विन’ म्हटलं की पुरतं. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, त्याची पोरं 1936 ला बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये मल्लखांब-कबड्डी दाखवून आली, त्याला कोण हात लावणार? तिकडे बाळापूरची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आणि अकोल्याचा असदगड यांना इतिहासाच्या पुस्तकात पान आहे. ज्यांना पान नाही, पाटी नाही आणि वापरणारं सरकारी खातंही नाही, त्या घरांसाठी मी लिहितो आहे.

अशी घरं गर्जना करून पडत नाहीत. आमचं कसं पडलं ते सांगतो. आजोबांना तीन मुलगे. आम्ही नातवंडं नऊ. मालकीच्या आखीव पत्रिकेवर सगळ्यांची नावं चढली. मागच्या दोन खोल्यांत एक भाडेकरू, त्याचं भाडं महिना पंचेचाळीस रुपये. 1949 च्या सी. पी. अँड बेरारच्या भाडे नियंत्रण हुकुमापासून ते 1999 च्या कायद्यापर्यंत ते जवळपास तिथल्या तिथेच राहिलं. कौलं दर दोन वर्षांनी परतायला लागत आणि परतणारे म्हातारे होत गेले. एक भाऊ पुण्याला, एक बहीण नागपूरला, एक चुलतभाऊ कुठे आहे ते पोस्टालाही ठाऊक नाही. पावसाळ्यात छप्पर गळलं की खर्च कोणी करायचा यावर फोन, आणि फोनवर भांडण. मग एक गृहस्थ आले. गोड बोलले. प्रत्येकाला एक फ्लॅट किंवा त्याचे पैसे. मी सही केली, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली, हेही खरं.

जाग आली पंधरा दिवसांनी, कौलं उतरवायला माणसं आली तेव्हा.

पहिलं कौल खाली आलं, ते मी उलटं करून पाहिलं. पोटावर बासेल मिशनचा ठसा आणि 1865 हे साल. ते साल मंगलोरच्या कारखान्याचं. आमच्या घराचं नव्हे. लहानपणी आम्ही भावंडं या 1865 वरून आजोबांना खोटं ठरवायचो. मग कौलांखालचा लोखंडी गर्डर उघडा पडला. गंज खरवडला तर इंग्रजी उठावाची अक्षरं: डॉर्मन लाँग, मिडल्सबरो, इंग्लंड. सिडनीचा तो प्रसिद्ध पूल ज्या कंपनीने 1932 मध्ये पुरा केला, तिचंच लोखंड आमच्या माजघरावर होतं आणि त्याला आम्ही पन्नास वर्षं पाळणा टांगत आलो. लाकूड सगळं सागाचं. तुळयांच्या टोकांवर सुताराने छिन्नीने काढलेल्या खुणा होत्या: एक रेघ, दोन रेघा, फुली, कुठली तुळई कुठल्या खांबात बसायची त्याचा तो हिशेब. लाकूड घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने एका तुळईवर बोटाने टकटक केलं, वास घेतला आणि घनफुटाचा भाव सांगितला. त्याच्या सोबतचा मिस्त्री मात्र माझ्याकडे पाहून म्हणाला, “मास्तर, हे लाकूड अजून शंभर वर्सं हालत नाही जी. काऊन पाडून रायले?”

मला उत्तर देता आलं नाही. मी घरात गेलो आणि टेप घेऊन आलो.

तीन दिवस मी घर मोजलं. शाळेच्या पिशवीत उरलेले कार्ट्रिज पेपर काढले. दाराची रुंदी, खिडकीची उंची, कमानीचा अर्धव्यास, जिन्याच्या पायरीची चढण. आयुष्यातली साठ वर्षं त्या घरात काढून मला ठाऊक नव्हतं, की आमची ओसरी एका टोकाला पाच इंच अरुंद होती. विहिरीला जागा द्यायची म्हणून भिंत किंचित तिरपी घेतलेली. डोळ्यांना ते कधी दिसलं नाही, टेपने सांगितलं.

मोजताना परसाच्या भिंतीतली ती खिडकीही आली. दीड फूट रुंद, जमिनीलगत, पत्र्याच्या झाकणाची, मागच्या गल्लीत उघडणारी. टोपलीचा संडास होता तेव्हा मैला वाहणारी माणसं त्या बाजूने येत. घराचं पुढचं दार सागाचं आणि नक्षीचं, आणि त्यांच्यासाठी ही खिडकी. लहानपणी मी त्या गल्लीतून एका बाईला डोक्यावर टोपली घेऊन जाताना पाहिलेलं आहे. पुढची कमान काढायची आणि ही खिडकी कागदावर घ्यायची नाही, असं मी करू शकलो नाही. जुन्या घरांच्या कौतुकात लोक चौक, झोपाळा आणि चिंचेचं झाड सांगतात. मागच्या गल्लीचं कोणी बोलत नाही. आमचं घर बांधलं गेलं त्याच 1927 साली अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून या गावात सत्याग्रहाची हाक उठली. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. 13 नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते, आणि परिषद चालू असतानाच त्यांना थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी आली. तुमच्या यादीत वकिलांचे बंगले आले आणि इंद्रभुवन आलं नाही, तर ती यादी गावाची म्हणता येणार नाही. आणि बंगल्यांच्या नकाशात मागची गल्ली आलीच पाहिजे.

यादी म्हणालो. तीच माझी विनंती आहे, आणि ती लहान आहे.

‘हेरिटेज’ हा शब्द राजापेठेत उच्चारला की मालक घाबरतो. त्याला वाटतं, यादीत नाव आलं की घर विकता येणार नाही, दुरुस्तीला परवानगी, रंग लावायला परवानगी, आणि शेवटी एखादा अधिकारी येऊन सांगणार की तुमच्याच घरात तुम्ही पाहुणे. म्हणून यादीची नुसती कुजबुज झाली तरी तो रातोरात जेसीबी बोलावतो. हे भय अगदीच खोटं नाही. मुंबईत 1995 पासून वारसा इमारतींचे नियम आहेत, पुढे नागपूरलाही समिती झाली, यादी झाली. आता तर राज्यासाठीच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा वास्तूंचं प्रकरण आहे, श्रेण्या आहेत, मालकाला टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देण्याची सोय आहे. कायद्याची उणीव नाही. पण राजापेठेतल्या नऊ वारसांच्या घराला टीडीआर म्हणजे काय हे समजावून सांगायला कोण बसणार? तोवर घर जातं.

म्हणून मी बंदी मागत नाही. नोंद मागतो. अमरावती शहरात 1947 च्या आधीचं कुठलंही बांधकाम पाडायची परवानगी देताना एवढी एकच अट घाला, की पाडण्याआधी ते मोजलं जाईल, त्याचे फोटो निघतील आणि मालकाला किंवा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तासभर बोलतं केलं जाईल. पाडायचं असेल तर पाडू द्या. फक्त पंधरा दिवस थांबू द्या. खर्च मालकावर टाकू नका, नाहीतर तो परवानगीच घेणार नाही. हे तुम्हाला मी काय सांगायचं.

माणसं कुठून आणायची, असं तुम्ही विचाराल. शासकीय अभियांत्रिकी आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, त्यांची पोरं प्रोजेक्ट शोधत फिरतात. त्यांच्या हातात लेझर टेप द्या. आमच्यासारखे निवृत्त मास्तर गावात शेकड्याने आहेत, त्यांना दुपारी काम नाही. असं दुसरीकडे झालेलंही आहे. माझी पुतणी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी राहते. तिथे इंजिनं बनवणाऱ्या, पुण्यातही कारखाने असलेल्या कमिन्सचं मुख्यालय, त्यामुळे दुकानात मराठी कानावर पडलं तरी कोणी वळून पाहत नाही. गाव आपल्या अचलपूर-परतवाड्यासारखंच, फार मोठं नाही. तिने मला व्हिडिओवर ते फिरवून दाखवलं: 1874 चं विटांचं कोर्ट, 1900 पासूनचं एक आइस्क्रीमचं दुकान, 1942 चं एक चर्च जे पाहायला लोक विमानाने येतात. मला वाटलं, तिकडचे लोक जन्मतःच शहाणे. मग वाचलं, तर तसं काही नाही. 1963 ला न्यूयॉर्कमध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेशनासारखी वास्तू त्यांनी पाडायला घेतली आणि नंतर कपाळावर हात मारला. 1966 ला कायदा केला, राष्ट्रीय नोंदवही काढली. आणि त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की त्या नोंदवहीत नाव चढलं म्हणून खाजगी मालकाला स्वतःच्या पैशाने स्वतःचं घर बदलायला किंवा पाडायला ती नोंदवही अडवत नाही. त्याच्याही आधी, 1933 साली, मंदीत आर्किटेक्ट बेकार बसले होते तेव्हा सरकारने त्यांना पगार देऊन गावोगावच्या जुन्या इमारती मोजायला लावल्या. ते नकाशे त्यांच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत. त्यातल्या कितीतरी इमारती आज नाहीत. नकाशे आहेत.

आपल्याकडे तर अर्धं काम झालेलंच आहे, आणि ते तुमच्याच कचेरीत आहे. मालमत्ता कराच्या वहीत प्रत्येक घराचं बांधकाम आरसीसी, लोडबेअरिंग, कौलारू की टिनाचं हे लिहिलेलं असतं, इमारतीचं वय लिहिलेलं असतं, कारण कर त्यावरच बसतो. वयाच्या रकान्यावर संगणक फिरवला तर एका दुपारी यादी हातात येईल. दुसरं, नकाशे. नगरपालिकेच्या काळातही घर बांधताना नकाशा मंजूर करून घ्यावा लागे. आमच्या घराचा नकाशा आजोबांच्या पेटीत तळाशी निघाला, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचा, घडीवर चिरलेला. त्यात मागे दोन खोल्या मंजूर आहेत. बांधल्या होत्या तीन. मंजुरीपेक्षा जास्त बांधायची चालही वारशातच आलेली दिसते. पण विचार करा, अशी एक प्रत मालकाकडे राहिली, तर दुसरी कचेरीकडे गेलेली असणार. जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत तसे जितके नकाशे सापडतील तितके रद्दीत जाऊ देऊ नका, वाळवीला देऊ नका. 1901 ला या शहराची लोकसंख्या 34,216 होती, 2011 ला ती जवळपास एकोणीस पट झालेली होती. त्या चौतीस हजारांचं गाव वाढत कसं गेलं, कुठली गल्ली कधी फुटली, हे सांगणारं त्या कागदांइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

आता दुसरी बाजू, जी मला टाळता येत नाही. 30 ऑक्टोबर 2022 ला प्रभात चौकात जुनी इमारत कोसळली आणि पाच माणसं गेली. त्या दिवशी मी बाजारात होतो. धूळ पाहिली नाही, पण लोकांचं धावणं पाहिलं. त्यानंतर जुनं म्हणजे धोकादायक असं गावाच्या मनात बसलं, आणि ते चुकीचं म्हणायची माझी छाती नाही. महानगरपालिका कायद्याच्या कलम 264 ची, धोकादायक इमारतीची नोटीस भिंतीवर चिकटली की ती इमारत रिकामी झालीच पाहिजे. जिवापुढे कमान मोठी नाही. पण नोटीस चिकटवायला माणूस जातोच ना? त्याच माणसाच्या मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. नोटीस लावताना चार बाजूंचे आठ फोटो, छताचे दोन, दारावरचं साल असेल तर त्याचा एक. आत जाणं धोक्याचं असेल तर बाहेरूनच. आणि एक भेद करायला शिकू या: गळकं घर आणि पडतं घर एक नसतं. आमचं गळकं होतं. ते पाडायला जेसीबीला पाच दिवस लागले.

ज्यांना घर राखायचं आहे अशी थोडी माणसं अजून आहेत. आमच्याच रस्त्यावर एक आजी आहेत, त्यांच्या घराच्या गच्चीवर चुन्याचे कलश आहेत आणि त्या दर वैशाखात स्वतः उभं राहून चुना लावून घेतात. अशांना मालमत्ता करात थोडी सूट द्या. पाटी लावू नका. पाटी लागली की तिथे फोटो काढायला पोरं येतात आणि आजींना ते खपत नाही. नुसती सूट द्या. कौलं परतणारा माणूस, चुन्याची घाणी जाणणारा गवंडी, लाकडाचा जोड ओळखणारा सुतार यांची एक यादी कचेरीत ठेवा. आम्हाला माणूस मिळाला नाही म्हणून आम्ही छपराच्या एका भागावर पत्रा टाकला, पत्रा तापला म्हणून पीओपी केलं, पीओपीमागे पाणी मुरलं ते दिसलं नाही, आणि मग तिथल्या एका तुळईचं टोक कुजलं. घर कुजायला सुरुवात त्या पीओपीने झाली. ते 2004 साल होतं आणि ती कल्पना माझी होती.

उंबरा उखडला तेव्हा खालून एक रुपया निघाला. चौकट बसवताना आजीने पुरलेला, हळकुंडासोबत. पंचम जॉर्जचा, 1919 चा, चांदीचा. मजुराने तो धुऊन माझ्या हातात दिला; त्याने ठेवून घेतला असता तर मला कळलंही नसतं. मी धाकट्या भावाला पुण्याला फोन केला. त्याने आधी विचारलं, आज बाजारात किती मिळतील? मग बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आईच्या देव्हाऱ्यात ठेव.

महोदय, तुम्ही नकाशे ठेवायला एक कपाट आणि एक माणूस नेमलात, तर पहिली फाइल आमच्या घराची द्यायची माझी तयारी आहे. सात कागद आहेत. तळमजला, माळा, पुढची बाजू, आडवा छेद, तुळया आणि सुताराच्या खुणा, परसाची भिंत आणि मागची गल्ली. सातवा स्वयंपाकघराचा. तो पुरा झालेला नाही. ज्या सकाळी मोजायचं होतं त्या सकाळी मशीन सातलाच आलं. चुलीवरचा धूर जायला भिंतीत जो झरोका होता, तो जमिनीपासून किती उंच होता ते राहून गेलं. नागपूरची बहीण म्हणते आठ फूट. मला वाटतं सात. कागदावर मी तिथे पेन्सिलने दोन्ही आकडे लिहून ठेवले आहेत.

आपला,
राजापेठेतील एक रहिवासी